विश्लेषण : रेंज नाही, पण वायफाय आहे, मग फोन का लागू नये?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल आणि भोवतालच्या पाड्यांवर फोन करायचा म्हणजे अनेकदा आधी रेंज शोधायची. जागाही ठरलेल्या असतात. कुठे टेकडीचा माथा, कुठे रस्त्याचे वळण, कुठे शाळेमागचा कट्टा. यावरचा एक उतारा गेल्या काही वर्षांपासून अनेकांच्या खिशातच आहे. तो म्हणजे वायफाय कॉलिंग. शहरात तळघरातल्या आणि बंद खोल्यांतल्या ग्राहकांची सोय म्हणून त्याची जाहिरात झाली. त्याची खरी गरज मात्र वाघेरा घाटापलीकडे आहे.

व्हॉट्सॲप कॉलपेक्षा हे वेगळे कसे?

एरवी आपला कॉल टॉवरमार्फत जातो. वायफाय कॉलिंग सुरू असेल, तर फोन जवळच्या वायफायवरून इंटरनेटमार्गे आपल्या सिमकार्डाच्या कंपनीशी सुरक्षित जोडणी करतो. पुढचे सगळे नेहमीसारखे : नंबर तोच, डायल करायची पद्धत तीच, कॉलही त्याच रिचार्जमधून. वेगळे ॲप लागत नाही. आवाजाला डेटाही फार लागत नाही; मिनिटाला साधारण एक एमबीहून कमी.

मुख्य फरक समोरच्या टोकाला आहे. व्हॉट्सॲपला दोन्हीकडे स्मार्टफोन आणि इंटरनेट हवे. वायफाय कॉल साध्या बटणांच्या फोनवर लागतो, लँडलाइनवरही लागतो. हरसूल, पेठ, सुरगाण्यातून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर हंगामी कामाला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. बागेवर गेलेल्या वडिलांकडे बटणांचा फोन, घरी शिकणाऱ्या मुलीकडे स्मार्टफोन. पाड्यावर टॉवरची रेंज नसली, तरी वायफायच्या टप्प्यात उभी राहून ती वडिलांना फोन लावू शकते. बँकेत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करायची असली, तरी हेच.

सेवा कोण देते?

एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये सुरुवात केली, जिओने जानेवारी २०२० मध्ये. व्हीआयची सेवा महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये आली. बीएसएनएलने मात्र देशभरासाठी ती जाहीर करायला जानेवारी २०२६ उजाडू दिला. डोंगरी भागात अनेक ठिकाणी भरवसा बीएसएनएलवरच असतो, त्यामुळे जिथे गरज जास्त तिथे सेवा सर्वांत उशिरा, असा हा उलटा क्रम झाला.

मग ती वापरली का जात नाही?

एक कारण किरकोळ आहे. सोय फोनमध्ये असते, पण अनेकदा बंद असते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्क किंवा सिमच्या विभागात आणि आयफोनमध्ये मोबाइल नेटवर्कच्या विभागात ‘वायफाय कॉलिंग’ असे बटण असते. ते एकदा सुरू करायचे. काही जुन्या आणि स्वस्त फोनमध्ये ते नसते. रिचार्ज संपत आला, याची आठवण दिवसातून चार वेळा करून देणाऱ्या कंपन्यांनी हे बटण कुठे आहे, याचा एक मराठी संदेश पाठवायला हरकत नव्हती.

दुसरे कारण मोठे आहे. वायफाय कॉलिंगला वायफाय लागते, आणि पाड्यावर ते आणायचे कुठून? ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचा केंद्राचा प्रकल्प २०११ मध्ये मंजूर झाला, २०१५ पासून त्याला ‘भारतनेट’ म्हणतात. महाराष्ट्रात त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ नावाने झाले. पण ग्रामपंचायतीच्या खोलीत पेटी बसली की कागदावर गाव जोडले जाते. खोलीला संध्याकाळी कुलूप लागते आणि इंटरनेटही आत कोंडले जाते. आदिवासी पट्ट्यातले गाव म्हणजे विखुरलेले पाडे. एका पेटीने ते सगळे जोडले जात नाहीत.

म्हणून मागणी साधी असावी. जिथे फायबर चालू आहे, तिथे राउटरचा एक अँटेना बाहेर ओट्यावर हवा, रात्रीही चालू हवा आणि पासवर्ड फलकावर लिहिलेला हवा. आरोग्य उपकेंद्र आणि आश्रमशाळेतही तसेच. शिवाय बॅटरी हवी. वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की फोन बंद. आणि पावसाळ्यात इथे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. राउटरला वीज अगदी थोडी लागते, काही तास चालवणारी छोटी बॅटरी दीड-दोन हजारांत येते. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. एवढ्या खर्चासाठी ग्रामसभेला मुंबईकडे पाहत बसावे लागू नये.

‘पोरे रील बघत बसतील आणि इंटरनेट संपवतील,’ असा आक्षेप येईल. येऊ द्या. प्रत्येक फोनला किती वेग द्यायचा हे राउटरमध्ये ठरवता येते, आणि कॉलला अगदी कमी वेग पुरतो.

टॉवरची गरज संपते का?

नाही, आणि ही पळवाट कुणाला मिळता कामा नये. वायफायवर बोलत चाललेला माणूस ओट्यावरून उतरला, तर कॉल फोरजीवर सरकतो. फोरजीच नसेल तर तुटतो. नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्यासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले होते. त्या कामाचा पाठपुरावा सुरूच राहिला पाहिजे. फक्त टॉवर उभा राहीपर्यंत गावाने गप्प का बसावे?

आणि रुग्णवाहिका बोलवायची असेल तर?

इथे जपून. ११२ लावल्यावर फोन आधी कोणत्याही कंपनीचा टॉवर मिळतो का ते पाहतो. कॉल टॉवरवरून गेला, तर ठिकाणाचा अंदाज बांधता येतो. वायफायवरून गेलेल्या कॉलचे ठिकाण तसे कळेलच, असे नाही. १०८ आणि ११२ हे क्रमांक आपल्या वायफाय कॉलिंगवरून लागतात की नाही, हे प्रत्येक कंपनीने मराठीत स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि दूरसंचार विभागाने ते सांगायला लावले पाहिजे. तोवर आशाताई, उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि गावातला गाडीवाला यांचे दहा आकडी नंबर फोनमध्ये ठेवा. ते वायफायवरून नेहमीसारखे लागतात. आणि फोन दूरच्या नियंत्रण कक्षात लागलाच, तर नुसते ‘हरसूल’ म्हणून थांबू नका. त्या नावाचे एक ठिकाण छत्रपती संभाजीनगरलाही आहे, तिथल्या कारागृहामुळे तेच जास्त लोकांना ठाऊक असते. पाडा, गाव, तालुका त्र्यंबकेश्वर, जिल्हा नाशिक : या क्रमाने सांगा.