प्रोटॉनचा नेम, चुंबकाचा वेग

खारघरमधील टाटा स्मारक केंद्राची राष्ट्रीय हॅड्रॉन बीम उपचार सुविधा ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. चेन्नईतल्या एका खासगी रुग्णालयात प्रोटॉन उपचार २०१९पासून मिळत होते; सरकारी व्यवस्थेत मात्र ते प्रथमच आले. तेव्हापासून कर्करोगाच्या ओपीडीत नातेवाईक विचारू लागले आहेत, ‘डॉक्टर, साध्या लाइटऐवजी खारघरचं नवं मशीन मिळेल का?’ काहींची त्यासाठी जमीन विकायचीही तयारी असते. म्हणूनच हे मशीन नेमके काय करते आणि काय करत नाही, हे समजून घ्यायला हवे.

नेहमीच्या किरणोपचारातले क्ष-किरण गाठीतून आरपार जातात आणि पलीकडच्या निरोगी भागालाही भाजतात. प्रोटॉनचे तसे नसते. दिलेल्या ऊर्जेनुसार तो ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबता थांबता बहुतेक ऊर्जा तिथेच सोडतो. रॉबर्ट विल्सन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९४६मध्येच हे ओळखले होते. पण प्रोटॉनचा झोत असतो पेन्सिलीएवढा आणि गाठ असते वेडीवाकडी. मग तो झोत गाठीच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवायचा कसा?

हे काम चुंबकांचे. घरातला जुना डबा टीव्ही आठवा. त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये चुंबकीय वेटोळी इलेक्ट्रॉनचा झोत डावीउजवीकडे, वरखाली फिरवून पडद्यावर चित्र रंगवत. प्रोटॉन उपचारातही चुंबकांच्या दोन जोड्या झोताला असेच फिरवतात. गाठीचा सर्वांत खोलवरचा थर ठिपक्याठिपक्यांनी भरायचा, मग ऊर्जा कमी करून त्याच्या अलीकडचा थर. असे हजारो ठिपके, आणि प्रत्येकाची जागा मिलिमीटरच्या हिशेबात.

प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १,८०० पट जड असतो, शिवाय तो प्रचंड वेगात येतो. त्याला वळवायला दणकट चुंबक लागतो, आणि दणकट चुंबकाला घाई मानवत नाही. वेटोळ्यातला प्रवाह बदलू गेले की वेटोळेच त्याला विरोध करते. लोखंडी गाभ्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि चुंबक गरम होतो. म्हणून गाभा ट्रान्सफॉर्मरसारखा पातळ पत्र्यांचा करतात. त्यातही लोखंडाला आधीच्या चुंबकत्वाची थोडी ‘आठवण’ राहते, तिचाही हिशेब ठेवावा लागतो. रुग्णाच्या अगदी जवळ बसवलेले संवेदक झोताची जागा आणि मात्रा सतत मोजतात आणि काही चुकले की झोत बंद होतो.

स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत १९९६मध्ये अशा ठिपक्यांचा उपचार सुरू झाला, तेव्हा चुंबक झोताला एकाच दिशेने फिरवत असे. दुसऱ्या दिशेसाठी रुग्णाचे टेबल सरकवावे लागे. इटलीतल्या पाविया येथील केंद्रात तर झोत तोडण्यासाठी खास चार चुंबक आहेत. ते चालू असतील तरच झोत अडथळ्याला वळसा घालून रुग्णापर्यंत जातो. वीज गेली तर तो आपोआप अडथळ्यावर आदळून थांबतो. बिघाड होईलच असे धरून केलेली ही रचना रुग्णालयातल्या प्रत्येक यंत्राला असावी!

वेगाचा खरा कस लागतो तो श्वासाशी. फुप्फुसातली गाठ दर चार-पाच सेकंदांनी वरखाली होते. झोत एक ठिपका भरून पुढच्यावर जाईपर्यंत गाठच सरकली, तर काही भागाला दुप्पट मात्रा मिळते आणि काही भाग कोरडा राहतो. त्यावर उपाय म्हणून रुग्णाला श्वास रोखायला सांगतात किंवा तोच थर पुनःपुन्हा रंगवतात. चुंबक जितका चपळ, तितके हे सोपे. थर बदलायला मात्र वेळ लागतोच, कारण ऊर्जा बदलली की झोताच्या वाटेवरचे सगळे चुंबक नव्याने जुळवावे लागतात.

‘फ्लॅश’ उपचाराची वाटही इथेच अडली आहे. सेकंदाला ४० ग्रेपेक्षा जास्त वेगाने मात्रा दिली तर निरोगी पेशींना कमी इजा होते, असे २०१४पासून उंदरांवरील प्रयोगांत दिसत आहे. अमेरिकेत हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या १० रुग्णांवर प्रोटॉनने ही पद्धत वापरली गेली आणि २०२२मध्ये निष्कर्ष आले. वेदना नेहमीच्या उपचाराइतकी कमी झाली. पण एवढ्या वेगात थर बदलणे शक्य नसल्याने एकाच ऊर्जेचा झोत हातापायांतून आरपार सोडला होता. म्हणजे वेगासाठी प्रोटॉनचा मुख्य गुण, थांबणे, हाच सोडून द्यावा लागला. तेव्हा ‘एका सेकंदात कॅन्सर गायब’ अशा व्हॉट्सॲपी बातम्यांवर कोणी पैसे लावू नयेत.

मग आज फायदा कोणाला? सर्वांत जास्त लहान मुलांना. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत संपूर्ण मणक्यालाही किरण द्यावे लागतात. प्रोटॉन मणक्याशी थांबला तर पुढचे हृदय, फुप्फुसे आणि आतडी वाचतात, आणि त्या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षे जगायचे असते. प्रोस्टेटचे चित्र वेगळे आहे. अमेरिकेत ४५० रुग्णांच्या तुलनेत, २०२४मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रोटॉन आणि आधुनिक क्ष-किरण उपचार यांत जीवनमानाचा फरक दिसला नाही. अशा रुग्णाच्या मुलाने जमीन विकायचे कारण नाही.

खारघरला उपचाराच्या खोल्या तीन आहेत, पण झोत एकच, आणि तो एका वेळी एकाच खोलीत जातो. त्यामुळे रांग लागणारच. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत किरणोपचार सुरू व्हावे लागतात. तेवढ्यात तिथे जागा मिळत नसेल, तर जवळच्या केंद्रातल्या लिनिअर ॲक्सिलरेटरवर उपचार सुरू करणेच मुलाच्या हिताचे. प्रोटॉनसाठी तारीख लांबवू नये.