बहुगुणी पात्र कसें रचावें?

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा दर रविवारीं चार मित्रांसह टेबलाभोंवतीं बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ खेळत असे. त्यानें आपलें पात्र असें रचिलें कीं, त्याला तलवार चालवितां यावी, कुलूप उघडितां यावें, जखमेवर उपचार करितां यावा आणि राजसभेंत बोलतांहि यावें. चार-सहा रविवार गेले आणि मित्रांनीं त्याला बोलावणेंच सोडून दिलें. ‘हा असला कीं आम्हांला करावयास कांहीं उरतच नाहीं,’ अशी त्यांची तक्रार. घरांतील थोरले भावोजी म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या! एकच विद्या धरावी.’ भगिनींना तें पटत नाहीं. सर्व अंगांनीं तयार होण्याची इच्छा हा दोष कसा म्हणावा, असें त्या विचारतात. मुलगा हल्लीं रविवारीं घरांतच बसून असतो, हें त्यांचें खरें दुःख आहे.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचिलेला हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार होतो. त्यास ‘डंजन मास्टर’ म्हणतात. इतर प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रें काय करूं पाहतात तें खेळाडू सांगतात, आणि जेथें यशाची खात्री नसते तेथें वीस पैलूंचा फांसा टाकितात. पडलेल्या दानांत त्या पात्राच्या अंगच्या गुणाचे अंक मिळवावयाचे आणि बेरीज ठरलेल्या आंकड्याइतकी किंवा त्याहून अधिक झाली कीं काम साधलें. सोप्या कामास १०, मध्यम कामास १५, कठीण कामास २० असा हा आंकडा असतो. प्रत्येक पात्रास बल, चापल्य, काटकपणा, बुद्धि, विवेक व प्रभाव असे सहा मूळ गुण असतात आणि त्यांवर आधारलेलीं १८ कौशल्यें असतात. पुढील सर्व आंकडे आम्हीं २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींतून घेतले आहेत. २०२४ सालच्या सुधारित पुस्तकांत कांहीं नियम बदलले आहेत; तेव्हां मुलानें आपल्या हातीं कोणतें पुस्तक आहे तें पाहून घ्यावें.

बहुगुणी पात्र म्हटलें कीं नवशिक्याच्या मनांत पहिला विचार येतो तो समान वांटणीचा. सहा गुण विकत घेण्यासाठीं २७ गुणांक मिळतात. ते सारखे वांटले तर तीन गुण १३ व तीन गुण १२ असे येतात, आणि प्रत्येक गुणापोटीं फांशाच्या दानांत १ मिळतो. कागदावर हें पात्र फार शोभून दिसतें; कोठेंहि उणें नाहीं! परंतु मध्यम प्रतीचें काम पुढें आलें, कीं जें कौशल्य तो शिकला नाहीं त्यांत त्याच्या यशाची शक्यता शेंकडा ३५, आणि जें शिकला आहे त्यांत शेंकडा ४५. म्हणजे पहिल्या पायरीवर असा मनुष्य निम्म्याहून अधिक वेळां अयशस्वीच व्हावयाचा. भावोजींची म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. ज्याला पल्लवग्राही पांडित्य म्हणतात तें हेंच. पानें पुष्कळ तोडलीं, पण खोडाला हात लागला नाहीं.

खेळ रचणाऱ्यांनाहि हा प्रश्न पडलाच होता. त्यांचें उत्तर म्हणजे ‘बार्ड’ हा पेशा. केल्टिक लोकांतील बार्ड व नॉर्स लोकांतील स्काल्ड यांच्या परंपरेवरून तो घेतलेला आहे. आपल्याकडील भाट-चारण डोळ्यांपुढें आणावे म्हणजे कल्पना येईल. १९७६ सालीं तो या खेळांत प्रथम आला. १९७८ सालच्या पुस्तकांत त्याचा नियम मोठा मौजेचा होता. बार्ड होऊं इच्छिणाऱ्यानें आधीं योद्धा म्हणून कांहीं पायऱ्या चढावयाच्या, मग चोराची विद्या शिकावयाची, आणि त्यानंतरच ड्रुइड नामक अरण्यवासी पुरोहितांजवळ बसून बार्ड व्हावयाचें. बहुगुणीपणा एका दिवसांत अंगीं येत नाहीं, तो क्रमानें व काळानें येतो, हेंच त्या नियमानें सांगितलें. पुढें ही अट गेली. पण मुलानें आपल्या पात्राची पूर्वकथा लिहितांना ती ध्यानांत ठेवावी. हा मनुष्य कुलूप उघडावयास कोणाजवळ शिकला, जखमेची औषधें त्याला कोणी दाखविलीं, हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्याचें पात्र म्हणजे नुसती यादी होय.

आतांचा बार्ड असा असतो. प्रभाव हा त्याचा मुख्य गुण; तो पंधरा घ्यावा. पात्र अर्धें मनुष्य व अर्धें एल्फ अशा वंशाचें घेतल्यास त्यांत आणखी दोन मिळून सतरा होतात, आणि दानांत ३ मिळतात. बल मात्र खुशाल आठच ठेवावें. दार फोडण्याची वेळ आली तर तें काम दुसऱ्याचें आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. कौशल्यें पेशामुळें तीन, पूर्वायुष्यामुळें दोन, वंशामुळें दोन, आणि तिसऱ्या पायरीवर विद्याशाखा पत्करिली तर आणखी तीन, अशीं अठरांपैकीं दहा मिळतात. जीं उरलीं त्यांतहि दुसऱ्या पायरीपासून अर्धें प्रावीण्य लाभतें. पण तिसऱ्या पायरीवर कोणतींहि दोन कौशल्यें निवडून त्यांतील प्रावीण्य दुप्पट करितां येतें, आणि खरें मर्म तेथें आहे. मन वळविण्याच्या कलेंत असें केलें तर मध्यम कामांत यशाची शक्यता शेंकडा ६५ होते. उलट, जें तो शिकलाच नाहीं आणि ज्याच्या मूळ गुणाचें कांहीं मिळत नाहीं, त्या कामांत अर्ध्या प्रावीण्यामुळें ती ३० वरून ३५ वर येते, म्हणजे विसांत एक दान अधिक. तेव्हां बहुगुणी पात्रालाहि एक कणा हवा. एक-दोन विद्या खोल, कांहीं मध्यम, कांहीं नुसत्या तोंडओळखीच्या आणि एखादी मुळींच नाहीं, अशी ही बांधणी असते.

येथवर भावोजी व भगिनी या दोघांचेंहि समाधान होईल. परंतु मित्र कां रुसले, याचें उत्तर अजून राहिलें. तें आम्हांस एका लहानशा गणितांत सांपडलें. समजा, पाऊलखुणांवरून चोरांचा माग काढावयाचा आहे. मंडळींत एक जण त्या कामांत मुरलेला आहे. त्याला दानांत ५ मिळतात, म्हणजे त्याच्या यशाची शक्यता शेंकडा ५५. आमचा अष्टपैलू पुढें सरसावून स्वतःच फांसा टाकील तर ती ३५. पण त्यानें ‘तूं पाहा, मी तुझ्या मदतीला आहें’ असें म्हटलें, तर नियमाप्रमाणें त्या जाणत्याला दोन फांसे टाकून मोठें दान घेतां येतें, आणि शक्यता जवळजवळ ८० होते. जें काम आपल्याला एकट्यानें करून पाहणें शक्य आहे, त्यांतच मदत करितां येते, असाहि नियम आहे. म्हणून पुष्कळ विषयांची तोंडओळख वायां जात नाहीं; ती अनेकांच्या उपयोगीं पडण्याचा अधिकार देते. ३५ कोठें आणि ८० कोठें! मुलाचे मित्र हें गणित मांडून रागावले नसतील, पण त्यांना जें जाणवलें तें हेंच.

बार्डाची सर्वांत प्रसिद्ध शक्तीहि याच जातीची आहे. तो आपल्या वाणीनें सोबत्याला स्फूर्ति देतो. त्या सोबत्याला सहा पैलूंचा एक फांसा मिळतो, आणि अडचणीच्या वेळीं त्याचें दान तो आपल्या दानांत मिळवूं शकतो. प्रभावाचे ३ असतील तर अशी स्फूर्ति तीन वेळां देतां येते. मग दीर्घ विश्रांतीनंतर पुन्हां. मात्र ती दुसऱ्यालाच द्यावयाची असते, स्वतःला घेतां येत नाहीं. सर्व खेळांत ज्याला सर्वांत अधिक विषय येतात, त्याच्या हातांतील मुख्य देणगी दुसऱ्याच्या कामीं यावी, अशी ही योजना आम्हांस फार विचारपूर्वक केलेली वाटते.

विराटपर्व वाचलेल्या वाचकांस हें नवें वाटणार नाहीं. अज्ञातवासाच्या वर्षीं गदाधारी भीम स्वयंपाकघरांत शिरला, अर्जुनानें उत्तरेला नृत्य-गायन शिकविलें, नकुलानें घोडे सांभाळिले, सहदेवानें गाई राखिल्या, युधिष्ठिर द्यूतज्ञ सभासद झाला आणि द्रौपदी सैरंध्री बनली. प्रत्येकाजवळ मुख्य विद्येखेरीज दुसरी एक विद्या शिल्लक होती, म्हणून तें वर्ष निभावलें. पण सहांच्या सहा जणांनीं सहा निरनिराळीं कामें पत्करिलीं. एकानें दुसऱ्याचें काम ओढून घेतलें नाहीं.

तेव्हां त्या मुलास आमचें सांगणें असें. पात्र रचण्यापूर्वीं कागद घेऊन मित्रांकडे जावें आणि प्रत्येकाला विचारावें, ‘तुला कशांत नांव मिळवावयाचें आहे?’ जें कोणीच घेतलें नाहीं, त्यांतून आपल्या दोन खोल विद्या निवडाव्या. जें एखाद्या मित्रानें घेतलें आहे, त्यांत मदतीपुरतें ज्ञान ठेवावें. तो मित्र जखमी झाला किंवा त्या रविवारीं आलाच नाहीं, तर तें उपयोगीं पडेल. एक उणीव मुद्दाम ठेवावी आणि ती बोलून दाखवावी, म्हणजे इतरांना आपला आधार देण्याची संधि मिळते. आणि फांसा उचलण्यापूर्वीं दर वेळीं विचारावें, ‘हें काम आपल्यांत कोणाचें?’ जुनें पात्र सोडून नवें घेण्यास सूत्रधाराची संमति लागते. ती विनयानें मागावी. बहुतेक सूत्रधार देतात.

भगिनींस इतकेंच लिहावेंसें वाटतें कीं, मुलाची इच्छा वाईट नव्हती; ती मोडूं नये. मोठ्या घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे ज्याच्यावांचून कोणाचें चालत नाहीं, असा एखादा मनुष्य असतोच. त्याला आचाऱ्यासारखे लाडू वळतां येत नाहींत कीं गुरुजींसारखे मंत्र म्हणतां येत नाहींत. पण तूप कोठें कमी पडणार आणि मुहूर्ताला किती अवकाश आहे, हें त्याला कळतें, आणि तो योग्य माणसाला योग्य वेळीं हांक मारितो. भावोजींनाहि असा मनुष्य आवडतच असेल. मुलाला तसा होऊं द्यावें. आणि येत्या रविवारीं मित्रांकडे जातांना त्यानें नव्या पात्राचा कागद कोराच न्यावा, तो सर्वांनीं मिळून भरावा.

पुढील अंकीं सूत्रधारानें प्रसंग कसे योजावे, याविषयीं आलेल्या दोन पत्रांचा विचार करूं.