विश्लेषण : ख्रिस्ती साहित्य संमेलन वेगळे का भरते? इतरांनी त्यातून काय घ्यावे?

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. तेव्हापासून जुन्या ग्रंथांची चर्चा वाढली आहे. त्यात ज्ञानेश्वरी येते, लीळाचरित्र येते. ओवीतच लिहिलेले ‘क्रिस्तपुराण’ मात्र क्वचित येते. मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनांत हा ग्रंथ आणि त्यामागची चारशे वर्षांची परंपरा हा नेहमीचा विषय असतो. ही संमेलने नेमकी कशासाठी भरतात आणि त्यातून बाकीच्या मराठी वाचकांनी काय शिकावे, ते पाहू.

ही परंपरा किती जुनी?

ख्रिस्ती साहित्य संमेलने स्वातंत्र्याच्या आधीपासून भरत आहेत. ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक यांनी नागपूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले होते. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या एका बाईला तिथे अध्यक्ष केले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मराठी ख्रिस्ती लेखन तर त्याहून जुने. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाबा पदमनजींची. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रेव्ह. ना. वा. टिळक यांची कविता तर सर्वधर्मीय मराठी घरांत पोहोचली.

वेगळी चूल की हक्काचे व्यासपीठ?

‘मराठी एकच, मग संमेलने इतकी का?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर १८८५ मध्येच महात्मा फुले यांनी दिले होते. मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना, जिथे आमच्या लोकांच्या हक्कांचा विचार नाही तिथे आम्ही येऊन काय करणार, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. पुढे १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन झाले, १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन. ख्रिस्ती संमेलन याच रांगेत बसते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी. त्यातले सगळे मराठी भाषकही नाहीत. एवढ्या छोट्या समाजातल्या नवकवीला मोठ्या संमेलनात पाच मिनिटे मिळणेही अवघड असते. इथे ती मिळतात.

पहिला धडा : लिपी ठरवते, कोण वाचणार

इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. ओव्या जवळपास अकरा हजार, भाषा मराठी, पण लिपी रोमन! कारण तांत्रिक होते. युरोपीय लिपीला दोन डझन साचे पुरत. इथल्या अक्षरांसाठी सुमारे सहाशे साचे लागतील, अशी अडचण स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात मांडली होती. पुढे पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी आणली आणि ग्रंथ हस्तलिखितांतून तगला. देवनागरीतली छापील आवृत्ती आली ती १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली. म्हणजे मधे ३४० वर्षे गेली.

आज युनिकोडमुळे साच्यांचा प्रश्न संपला. तरी आपण व्हॉट्सअॅपवर ‘कसा आहेस’ रोमन अक्षरांतच लिहितो. स्टीफन्स यांच्याकडे पर्याय नव्हता; आपल्याकडे तो प्रत्येक फोनच्या कीबोर्डमध्ये आहे.

दुसरा धडा : संमेलन तीन दिवसांचे, मासिक बारा महिन्यांचे

या परंपरेचा कणा संमेलन नसून नियतकालिके आहेत. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केले. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत केले. त्यांच्या काळात मासिक चर्चच्या बातम्यांपुरते राहिले नाही. पाणी, हिरवळ, गुंडगिरी हे वसईचे प्रश्न त्यात आले. हरित वसईच्या चळवळीतही ते पुढे होते. वाचक टिकवायचा तर त्याच्या दाराशी असलेल्या प्रश्नावर लिहावे लागते, हा याचा अर्थ.

तिसरा धडा : बोलीची लाज नको

स्टीफन्स यांनी साष्टीतल्या लोकांसाठी लिहिताना मराठीत कोकणी शब्द सहज मिसळले. आज वसईत सामवेदी (कादोडी) आणि वाडवळी, तर मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरांत त्यांची वेगळी मराठी बोलली जाते. घरात बोली आणि कागदावर ‘शुद्ध’ मराठी ही कसरत आगरी, कोळी, मालवणी लेखकांनाही ओळखीची आहे.

उणिवा नाहीत का?

आहेत. मिशनरी काळातल्या बऱ्याच लेखनात शेजाऱ्याच्या धर्मावर टीका आणि स्वधर्माचा प्रचार ठळक आहे. भाषांतराच्या सवयीतून आलेली अवघडलेली ‘चर्चची मराठी’ आजही काही पुस्तकांत दिसते. आपलेच लेखक, आपलेच श्रोते, आपलीच टाळी हा धोका तर प्रत्येक लहान संमेलनाला असतो. ज्यांनी भिंत ओलांडली, तेच टिकले. टिळकांनी अभंग-कीर्तनाची वाट धरली, लक्ष्मीबाईंनी घरातली बोली लिहिली.

२०२० मध्ये काय दिसले?

पुण्यातील ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आधी भूषवलेले दिब्रिटो, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. निवड जाहीर होताच काहींनी आक्षेप घेतला, धमकीचे फोनही आले. बहुतेक आक्षेप त्यांच्या पुस्तकांवर नव्हते, धर्मगुरू असण्यावर होते. साहित्य महामंडळ निवडीवर ठाम राहिले आणि प्रकृती साथ देत नसतानाही दिब्रिटो उद्घाटनाला आले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. चारशे वर्षे मराठीत लिहिणाऱ्या परंपरेला एकविसाव्या शतकातही ‘तुम्ही आमचे का?’ याचे उत्तर द्यावे लागते, हे त्या वादातून दिसले.

टिटवाळा-कल्याणच्या वाचकाचा यात काय संबंध?

आपल्या पट्ट्याला संमेलने नवी नाहीत. ठाण्यात २०१० मध्ये ८४ वे, तर डोंबिवलीत फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वे अखिल भारतीय संमेलन झाले. टिटवाळ्याची ओळख महागणपतीची. अंगारकीला इथे लोटणाऱ्या भाविकांना ओवी आणि अभंग शिकवावा लागत नाही. म्हणूनच क्रिस्तपुराणाची ओवी त्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. आणि वसई तर दूरही नाही; दिव्याहून थेट मेमू जाते.

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. शहरातल्या वाचनालयांनी ‘स्मृतिचित्रे’शेजारी क्रिस्तपुराण आणि ‘यमुनापर्यटन’ ठेवावे. स्थानिक संमेलनांनी ख्रिस्ती, मुस्लिम, आगरी कवींना ‘विशेष सत्रा’त न बसवता मुख्य कविसंमेलनात बोलवावे. वाचकांनीही एकदा तरी दुसऱ्यांच्या मांडवात श्रोता म्हणून बसावे. अभिजात दर्जासाठी भाषेचे वय मोजले गेले. ती पुढे किती जगेल, हे तिच्यात किती जणांना आपले म्हणून लिहिता येते, यावर ठरेल.