गणवेशावरची फीत आणि दारावरचा माजी सैनिक

दर वर्षी ७ डिसेंबर रोजी सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. १९४९ पासून चालत आलेल्या या प्रथेनुसार निधीला काही रक्कम देणाऱ्याच्या छातीवर लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन पट्ट्यांचा छोटा ध्वज लावला जातो. हे तीन रंग तीन सेनादलांचे निदर्शक. २०२० साली या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ८ डिसेंबरला, महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी एक परिपत्रक काढले. जीन्स व टी-शर्ट वापरू नयेत, स्लिपर घालून कार्यालयात येऊ नये, गडद रंगाचे व चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत, असे त्यात बजावले होते. त्याच परिपत्रकात आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरण्याची सूचनाही होती. जीन्सवरील निर्बंध काही महिन्यांतच सैल करण्यात आला.

या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु एक विचारात घेण्याजोगा प्रश्न त्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. कर्मचाऱ्याच्या अंगावरील वस्त्र नियमाने बांधलेले असावे असे मालकाला वाटते, आणि त्याच वस्त्रावर एखाद्या सार्वजनिक भावनेची खूण असावी असे कधी कर्मचाऱ्याला तर कधी खुद्द मालकाला वाटते. सैनिकांविषयीच्या आदराची खूण ही अशा खुणांपैकी सर्वांत कमी वादाची मानली जाते. तिच्यापुढे पोशाखाचा नियम टिकावा काय?

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. येथील अर्थव्यवस्था एके काळी निरेच्या कालव्यावर व उसावर उभी होती. आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहने तयार होतात, पोलादाचे घडीव भाग तयार होतात, दुधावर प्रक्रिया होते, चॉकलेटे होतात आणि वस्त्रोद्यान संकुलात तयार कपडे शिवले जातात. इंदापूर तालुक्यात भवानीनगर, बिजवडी व शहाजीनगरचे साखर कारखाने आहेत, भिगवणचा कागद कारखाना आहे, लोणी देवकरची वसाहत आहे. गणवेश घालून पाळीवर जाणारा माणूस आता या भागात शेतकऱ्याइतकाच परिचित झाला आहे, आणि पुष्कळदा तो एकाच घरातला असतो. त्याच घरातला दुसरा मुलगा सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करीत असतो. पुलवामा येथे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले किंवा मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष पेटला, तेव्हा अशा घरातील कामगाराला छातीवर एखादी फीत लावावीशी वाटली तर त्यात अस्वाभाविक काही नाही.

नियमामागील कारण

पोशाखाचे सर्वच नियम एका मापाने मोजता येत नाहीत. काही नियमांच्या मागे जिवाचा प्रश्न असतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने चालत्या यंत्राजवळ तपासणी वा वंगणाचे काम करणाऱ्या कामगाराने अंगाबरोबर बसणारेच कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असा दंडक घातला होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली असली तरी त्यामागील कारण बदललेले नाही. उसाच्या गव्हाणीपासून साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल यंत्रापर्यंत कोठेही मनगटावरची लोंबती फीत हात ओढून नेऊ शकते. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तोच प्रश्न दुसऱ्या रूपाने येतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार, पदार्थात पडू शकेल असा सैल दागिना वा अन्य वस्तू अंगावर ठेवून पदार्थ हाताळता येत नाही. टाचणीने लावलेला बिल्ला तिरंगी आहे म्हणून तो दुधाच्या टाकीत पडण्याचे थांबत नाही. येथे नियमाने वाकू नये, हे सैनिकाविषयी आत्यंतिक आदर बाळगणारा कामगारही मान्य करील.

दुसऱ्या प्रकारचे नियम केवळ टापटिपीचे किंवा संस्थेच्या ओळखीचे असतात. बँकेच्या खिडकीमागील कारकून, पतसंस्थेतील रोखपाल, दुकानातील विक्रेता यांच्या छातीवर कागदाचा इंचभर ध्वज असल्याने कोणाचे बोट तुटत नाही. येथे मालक जे कारण देतो ते तटस्थतेचे असते. आज एका खुणेला संमती दिली तर उद्या दुसरीला नाही म्हणता येणार नाही, ही त्याची भीती. ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघाने एकाच घराण्यातील दोन उमेदवार एकमेकींसमोर उभे राहिलेले पाहिले. एका पाळीवर, एका बाकावर दोन्ही बाजूंचे कामगार तेव्हा काम करीत होते. सैनिकाचे छायाचित्रही पक्षाच्या फलकावर जाऊन बसते, हे पाहूनच मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला संरक्षणदलातील व्यक्तींची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, असे पक्षांना पुन्हा बजवावे लागले होते.

इतरत्र हा पेच कसा सुटला हे पाहण्यासारखे आहे. कॅनडात नोव्हेंबर २०२० मध्ये ‘होल फूड्स’ या किराणा दुकानांच्या साखळीने आपल्या नोकरांना गणवेशावर स्मृतिदिनाचे लाल पॉपी फूल लावण्यास मनाई केली. पंतप्रधानांसह अनेकांनी टीका केल्यावर कंपनीला तो निर्णय तत्काळ फिरवावा लागला. उलटपक्षी, २०१९ च्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेत महेंद्रसिंग धोनी याच्या हातमोज्यांवरील ‘बलिदान’ चिन्हास आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने परवानगी नाकारली आणि ती नामंजुरी कायम राहिली. त्याच वर्षी ८ मार्चला रांची येथील सामन्यात मात्र भारतीय संघ लष्करी धर्तीच्या टोप्या घालून खेळला होता. त्यास पूर्वपरवानगी घेतलेली होती, आणि खेळाडूंनी त्या सामन्याचे मानधन राष्ट्रीय संरक्षण निधीस दिले होते. मैदानावरील खेळाडू हाही आपल्या कामाच्या जागी उभा असलेला कर्मचारीच. त्याच्या बाबतीत एकदा होकार व एकदा नकार मिळाला, यातील फरक भावनेच्या तीव्रतेचा नव्हता. पूर्वसूचना व संमती यांचा होता.

सक्तीची दुसरी बाजू

मनाईइतकाच सक्तीचाही विचार करावयास हवा, कारण आपल्याकडे धोका बहुधा त्या बाजूने येतो. ऑगस्ट २०२२ मधील ‘हर घर तिरंगा’ मोहिमेपासून अनेक कार्यालयांत झेंड्याचे बिल्ले वरून वाटले जातात. ज्याने बिल्ला लावला नाही त्याच्याकडे सहकारी वळून पाहतात. राष्ट्रध्वज सन्मानपूर्वक फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी नवीन जिंदल यांच्या प्रकरणात मान्य केले. तो वादही एका कारखान्याच्या आवारातील ध्वजावरूनच निघाला होता. परंतु त्याच न्यायालयाने १९८६ साली बिजो इमॅन्युएल प्रकरणात असेही ठरविले होते की, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहिलेल्या, पण ते न गाणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेतून काढता येणार नाही. खूण न लावणे म्हणजे अवमान करणे नव्हे, हा त्यातील तात्पर्यार्थ कारखान्याच्या दारातही तितकाच लागू पडण्यासारखा आहे. अर्थात, मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध बजावता येतात. खाजगी मालकापुढे कामगाराला ते थेट उभे करता येत नाहीत. म्हणूनच हा विषय कज्जाने सुटण्यापेक्षा व्यवस्थापन व कामगार संघटना यांच्यातील समजुतीने सुटणे अधिक बरे.

या समजुतीचा आधार अर्थशास्त्रातील एका साध्या तत्त्वात सापडतो. ज्या खुणेसाठी काही मोजावे लागत नाही तिच्यावरून ती लावणाऱ्याच्या निष्ठेविषयी फारसे काही कळत नाही. ध्वजदिनाचा छोटा ध्वज ही मुळात एक पावती आहे. कोणी तरी खिशातून पैसे काढले आणि ते माजी सैनिकांच्या व युद्धविधवांच्या कल्याणासाठी गेले, याची ती खूण. कॅनडातील पॉपीचे फूलही असेच देणगीच्या बदल्यात मिळते. शुक्रवारच्या खादीलाही निदान एवढा अर्थ आहे की, त्यामुळे कोठल्या तरी हातमागाला काम मिळते. याउलट घाऊक बाजारातून आणून फुकट वाटलेला बिल्ला प्रामुख्याने बिल्ले बनविणाऱ्याच्या उपयोगी पडतो. शिवाय खुणेला तपशील कळत नाही. पुलवामात पडलेले जवान गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील दलाचे होते. अशा दलांतील हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी २०१७ मध्ये ‘भारत के वीर’ हा निधी वेगळा उभा करावा लागला. छातीवरची फीत दोघांसाठी एकच असते. त्यांच्या वारसांना मिळणारे लाभ मात्र एकसारखे नसतात.

दारावर कोण उभा आहे

आता दृष्टी थोडी वळवून कारखान्याच्या प्रवेशद्वाराकडे पाहावे. राज्यातील बहुतेक औद्योगिक वसाहतींत फाटकावर वही घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करणारा माणूस पुष्कळदा माजी सैनिक असतो. सैन्यातील शिपाई पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. मुलांची शिक्षणे तेव्हा अर्ध्यावर असतात आणि निवृत्तिवेतन अपुरे पडते. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत माजी सैनिकांसाठी क गटात साडेचौदा व ड गटात साडेचोवीस टक्के जागा राखीव आहेत. खाजगी कारखान्यावर असे कोणतेही बंधन नाही. त्यामुळे त्याच्या अंगावर पुन्हा गणवेश चढतो तो बहुधा सुरक्षा कंत्राटदाराचा. सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये कायदा केला. माजी सैनिकांचे राज्य महामंडळही सुरक्षारक्षक पुरविते. तरीही कंत्राट स्वस्त पडावे म्हणून पाळी लांबविणे, साप्ताहिक सुट्टीचा मोबदला न देणे हे प्रकार या धंद्याला अपरिचित नाहीत. आत सैनिकांच्या सन्मानार्थ फिती वाटल्या जात असताना दारावरचा सैनिक बारा तास उभा असेल, तर त्या फितीचा अर्थ काय लावावयाचा?

हा प्रश्न लवकरच अधिक तीव्र होणार आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के चार वर्षांनंतर कायम सेवेत राहतात. उरलेले सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन, निवृत्तिवेतनाविना, घरी परततात. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणास दाखल झाली असल्याने तिचा चार वर्षांचा काळ २०२६ च्या अखेरीस संपतो. हे तरुण पंचविशीच्या आगेमागे असतील. शिस्त, यंत्रांची ओळख व कष्टाची सवय घेऊन ते ज्या गावांत परततील त्यांत बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्याही असतील. त्यांना फाटकावरच उभे करावयाचे की आत यंत्रावर प्रशिक्षण देऊन घ्यावयाचे, याचा निर्णय येथील कारखानदारांनाच करावा लागेल.

तेव्हा पोशाखाच्या नियमाविषयी फार मोठा तंटा करण्याचे कारण नाही. यंत्राजवळ व खाद्यपदार्थांच्या विभागात कोणतीही फीत नको, मग ती कोणाचीही असो. अन्यत्र ध्वजदिनाच्या छोट्या ध्वजास सरसकट मुभा असावी, पक्षाच्या चिन्हास नसावी, आणि ती मुभा घेणे वा न घेणे सर्वस्वी ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहावे. हे नियम अगोदर लिहून फलकावर लावले म्हणजे ऐन भावनेच्या क्षणी वाद उत्पन्न होणार नाही. त्याच फलकावर आणखी दोन गोष्टी नोंदविता येतील: कारखान्याने यंदा ध्वजदिन निधीस किती रक्कम दिली, आणि किती माजी सैनिकांना कंत्राटाविना कायम नोकरी दिली. साखर कारखान्यांच्या सभासदांनी वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हा दुसरा आकडाही विचारला, तर ते त्यांच्या अधिकाराबाहेरचे ठरणार नाही. भरतीच्या मैदानाकडे धावणारी मुले त्यांच्याच घरची आहेत.