खुब्यातली टकटक

जॅझ क्लासच्या तिसऱ्या महिन्यात किक मारून पाय खाली आणला की माझ्या खुब्यातून ‘टक्’! शेजारचीला ऐकू जाईल एवढा आवाज. आधी मजा वाटली. मग जांघेत दुखायला लागलं आणि मी मुकाट ऑर्थोपेडिककडे गेले.

‘स्नॅपिंग हिप’, डॉक्टर म्हणाले. डान्सर आणि रनर मंडळींचा नेहमीचा पाहुणा. मांडीच्या बाहेरची जाड पट्टी खुब्याच्या उंचवट्यावरून सटकते, तेव्हा टक् बाजूला. पुढचा सोआस स्नायूचा कंडरा हाडावरून उडी मारतो, तेव्हा जांघेत. माझा हाच. तिसरा प्रकार सांध्याच्या आतला, खोबणीच्या कडेची कूर्चा फाटल्याचा. टेन्शन घ्यायचं तर त्याचं. नुसता आवाज येतो, दुखत नाही? सोडून द्या.

मी म्हटलं, दुर्बिणीने ऑपरेशन करून टाकू या ना! दोन-तीन छिद्रं, विषय संपला. ते हसले. कंडरा कापून सैल करतात, टक् बहुतेकदा जाते. पण पाय वर उचलतो तोच कंडरा! नंतर काही महिने ती ताकद कमी पडते, कधी थोडी कमीच राहते. आता बोला! म्हणून आधी स्ट्रेचिंग, फिजिओ, मग इंजेक्शन, आणि काहीच जमलं नाही तर दुर्बीण.

फिजिओचा चौथा आठवडा चालू आहे. टक् आहे, दुखणं निम्म्यावर आलंय. डिसेंबरच्या शोमधली माझी पहिल्या रांगेतली जागा मात्र दुसरीला गेली. ते जास्त दुखलं, यार.