सरासरी साठ, मधे खंड

गेम अडखळायला लागला की आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं: "कार्ड बदलून टाक ना बे!" दुकानदार तेच म्हणतो, मित्र तेच म्हणतो. सल्ला 25-30 हजारांचा, आणि तो देण्याआधी कुणी एक आकडाही मोजलेला नसतो. अमरावती असो की अकोला, ज्या घरात हा पैसा कापसाच्या किंवा पगाराच्या हिशेबातून काढावा लागतो, तिथे हा सल्ला निव्वळ बेजबाबदार आहे.

मुळात घोळ आहे एफपीएस या आकड्याचा. तो सरासरी असतो, आणि सरासरी कशी फसवते हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. कागदावर पाऊस 100 टक्के झालेला असतो आणि मधे तीन आठवड्यांचा खंड पडून सोयाबीन वाळलेलं असतं. फ्रेमचंही तसंच. 60 एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद. समजा, एका सेकंदात 59 फ्रेम प्रत्येकी 15 मिलिसेकंदांत आल्या आणि एकीनेच 115 घेतले. बेरीज बरोबर 1000. कोपऱ्यात 60 च दिसणार! पण त्या 115 मिलिसेकंदांत चित्र गोठलं आणि समोरच्याने तुम्हाला टिपलं.

ही काही नवी गोष्ट नाही. 2011 मध्येच स्कॉट वॉसन यांनी 'द टेक रिपोर्ट'वर प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजून सरासरीचा हा फुगा फोडला होता. आम्ही सॉफ्टवेअरवालेही सर्व्हर तपासताना सरासरीवर समाधान मानत नाही. सगळ्यात संथ 1 टक्का आधी बघतो. मग दुकानात अजूनही सरासरीच का विकली जाते? कारण ती विकायला सोपी आहे.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बहुतेक गार खोलीत होतात. आपल्याकडे मे 2024 मध्ये उन्हामुळे अकोल्यात कलम 144 लावावं लागलं होतं. पंखा आणि हीटसिंक कितीही भारी असो, खोलीच्या तापमानाखाली तो काही नेऊ शकत नाही. 24 अंशांच्या खोलीत 78 वर चालणारा प्रोसेसर, तेवढ्याच कामाला 42 अंशांच्या खोलीत 96 च्या आसपास जाणार. 95-100 ला पोचले की बरेच प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतात. गेम पहिली वीस मिनिटं मस्त चालतो आणि मग अडखळतो, तो बऱ्याचदा यामुळे. अशा वेळी जास्त वॉटचं कार्ड घेणं म्हणजे त्याच कोंदट डब्यात आणखी एक शेगडी पेटवणं. तिथे धूळ झाडणं, थर्मल पेस्ट बदलणं, कॅबिनेट भिंतीपासून दूर सरकवणं हा उपाय आहे. आणि हो, डेझर्ट कूलरच्या ओल्या झोतात कॅबिनेट ठेवू नका.

मोजायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट आहे. स्क्रीनवर चार गोष्टी लावा: फ्रेमटाइमचा आलेख, कार्डचा वापर, तापमान, व्हीरॅम. कार्ड सतत 97-99 टक्क्यांवर आणि आलेख वर पण सपाट, तर कार्ड खरंच कमी पडतंय. सेटिंग उतरवा, नाहीतर खुशाल नवं घ्या. पण झटका बसतो त्याच क्षणी कार्डचा वापर खाली पडत असेल, तर कार्ड बिचारं वाट बघत बसलंय. दोष दुसरीकडे शोधा. रॅमची एकच कांडी लावली असेल, तर दोन लावल्यावर मेमरीची वाट दुप्पट रुंद होते. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा. व्हीरॅम भरलेली असेल तर टेक्श्चर एक पायरी खाली आणा.

आणि कधीकधी दोष गेमचाच असतो. 2022 मध्ये 'एल्डन रिंग' आला तेव्हा महागड्यात महागड्या कार्डवरही अडखळत होता. तिथे तुमच्या 30 हजारांनी काय होणार होतं?

दुकानदाराची एक बाजू मात्र खरी आहे. तपासणीचे 500 रुपये मागितले की आपण तोंड वाकडं करतो आणि कार्डचे 30 हजार मुकाट मोजतो. मग तो तपासेल कशाला? तेव्हा तपासणीची फी द्या, आणि फी दिली म्हणून हक्काने विचारा: "दादा, आधी आलेख दाखवा." जो दाखवेल त्याच्याकडूनच पुढे काय ते घ्या.