संघाचा अभिमान आणि संघाची सेवा

आमच्या शाळेंतील विद्यार्थिवर्गांत सांप्रत फुटबॉलचें प्रेम वाढीस लागलें आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु या प्रेमाचें रूप कांहीं निराळेंच आहे. कोणी मँचेस्टरचा निळा सदरा मिरवितो, कोणी तांबडा. मधल्या सुटींत त्या दोन रंगांवरून हमरीतुमरी होते. आणि हजारों मैलांवरचा सामना पाहण्यासाठीं रात्रीं जागरण केलेला विद्यार्थी सकाळच्या तासास पेंगत बसतो. यामुळें पालकवर्ग खेळासच नांवें ठेवूं लागला आहे. आमच्या मतें दोष खेळाचा नाहीं. अभिमान कशास म्हणावें, याविषयींच्या कल्पनेचा आहे.

ज्या निळ्या सदऱ्याचा आज एवढा बडेजाव आहे, त्याचें मूळ एका गरीब वस्तींतील चर्चमध्यें आहे. मँचेस्टरच्या वेस्ट गॉर्टन भागांत कारखान्यांतील मजूर राहात. बेकारी, दारू आणि तरुणांच्या टोळ्यांतील मारामाऱ्या यांनीं ती वस्ती गांजलेली होती. तेथील सेंट मार्क चर्चच्या मंडळींनीं तरुणांस क्रिकेटकडे व पुढें फुटबॉलकडे वळविलें. त्यांचा नोंदलेला पहिला सामना १३ नोव्हेंबर १८८० रोजीं मॅकल्सफील्डच्या बॅप्टिस्ट मंडळींशीं झाला व त्यांत २-१ अशी हार झाली. हाच संघ १८८७ मध्यें आर्डविक व १८९४ मध्यें मँचेस्टर सिटी झाला. एव्हर्टन, ॲस्टन व्हिला व साउदॅम्प्टन यांचा जन्मही असाच चर्चच्या आश्रयानें झाला आहे.

पाठीराख्यांची खरी कसोटी लागली ती मात्र पुढें. १९९८ सालीं हा संघ घसरून इंग्लंडमधील तिसऱ्या श्रेणींत गेला. तरीही त्या हंगामांत त्याच्या घरच्या मैदानावर सामन्यागणिक सरासरी २८ हजारांहून अधिक लोक जमत. अबू धाबीची संपत्ति आली ती २००८ सालीं, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांनीं. पडत्या काळांत जो उभा राहिला त्यास आम्ही पाठीराखा म्हणूं. विजयानंतर सदरा विकत घेणाऱ्यास ग्राहक म्हणणेंच योग्य.

असे पाठीराखे पाहण्यासाठीं इंग्लंडास जाण्याचें कारण नाहीं. आपल्या कोल्हापुरांत कुस्तीच्या तालमींनींच फुटबॉलचे संघ पोसले आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हीं नांवें तेथें घरोघरीं ठाऊक आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठाच्या पेठा लोटतात, कारण मैदानांतील खेळाडू हा आपल्याच गल्लींतला मुलगा असतो. याच मातींतून निघालेला अनिकेत जाधव २०१७ सालीं भारतांत झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेंत देशाकडून खेळला. या अभिमानास गालबोटही लागलें आहे. पाठीराख्यांची मजल हाणामारी व दगडफेकीपर्यंत गेल्याचे प्रसंग तेथें घडले आहेत. ज्या खेळानें वेस्ट गॉर्टनच्या तरुणांस मारामारीपासून दूर न्यावयाचें होतें, त्याच्याच नांवानें मारामारी व्हावी, याहून मोठा विपर्यास कोणता?

मुंबईचें उदाहरण निराळें आहे. मुंबई सिटी हा संघ २०१४ सालीं स्थापन झाला आणि २०१९ सालीं मँचेस्टर सिटीच्या चालक संस्थेनें त्याचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढें २०२०-२१ च्या हंगामांत त्यानें इंडियन सुपर लीगचें विजेतेपदही मिळविलें. पैसा मँचेस्टरहून मुंबईस येऊं शकतो. परंतु पेठेचें प्रेम कोणासही विकत आणतां येत नाहीं. तें पिढ्यान्‌पिढ्या मैदानाच्या कडेला उभें राहूनच कमवावें लागतें.

आतां आपल्याकडे वळूं. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनीं जालन्याजवळ बेथेल वसविलें, तें दूरच्या नगरांचें नुसतें कौतुक करून नव्हे. हातीं असलेल्या जमिनीवर कामास लागून. आमच्या शाळेचा संघ दुसऱ्या शाळेशीं खेळतो तेव्हां निळे व तांबडे सदरे घातलेले आपण किती जण कडेला उभे असतों? मैदानांतील खडे वेंचणें, चुन्याच्या रेघा आंखणें, खेळाडूंस पाणी नेऊन देणें, हरलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवणें, आणि प्रतिपक्षाच्या उत्तम खेळासही टाळी देणें, हीच संघाची सेवा होय. मुलींचा संघ उभा राहात असेल तर त्यासही हाच मान मिळाला पाहिजे.

पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, दहावीचें वर्ष आलें म्हणून मुलाचें मैदान समूळ तोडूं नये. रात्रींचें जागरण अवश्य बंद करावें; सायंकाळचा एक तास मात्र त्यास द्यावा, आणि सामन्याच्या दिवशीं सवड काढून स्वतःही यावें. विद्यार्थिबंधुभगिनींनो, मँचेस्टरवर खुशाल प्रेम करा. पण तो संघही एके काळीं एका चर्चमधील मूठभर होतकरू मुलांचा होता आणि पहिलाच सामना हरला होता, याची आठवण ठेवून आपल्या शाळेच्या पुढील सामन्यास अगत्य हजर राहा.